घोंगडीची झडती

दादासाहेबांनी तिसऱ्यांदा चहाचं विचारलं, तेव्हा भागूबाई म्हणाली, "च्या नगं, सायेब. आदी सही."

बारामतीतल्या त्या बंगल्याच्या व्हरांड्यात ती फरशीवरच बसली होती. खुर्चीवर बस म्हटलं तरी बसली नाही. शेजारी गेणू उभा होता. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन त्याला दहा वर्षं झाली होती, तरी जुन्या साहेबापुढं त्याचे गुडघे आपोआप ताठ व्हायचे.

बावीस वर्षांपूर्वी दिल्लीचे मोठे नेते विश्वंभरजी इंदापूरजवळच्या माळावर सभेला आले होते. गेणू त्यांचा अंगरक्षक होता आणि बंदोबस्ताचे प्रमुख दादासाहेब. विश्वंभरजी त्या सभेतून जिवंत परतले नाहीत. त्यांच्या खुनाच्या कटात सामील म्हणून भागूबाईचा नवरा रावजी जन्मठेप भोगत होता.

"गेल्या म्हयन्यात त्यांची एक बाजू गेली," भागूबाई म्हणाली. "घास तोंडात ऱ्हात न्हाय. उद्या सुटकंच्या अर्जाची शेवटची तारीख हाय. वकील म्हंतो, गेणूतात्यांचं लिहून दिलेलं खरं हाय अशी तुमची सही पायजे. एकट्याचं कोर्ट ऐकत न्हाय."

दादासाहेबांनी कागद वाचला नाही. गेणूकडं बघून ते म्हणाले, "बावीस वर्षांनी काय नवीन आठवलं तुला?"

"नवीन काय न्हाय, सायेब. विसरलोच न्हवतो."

मग गेणू सांगू लागला.

त्या दिवशी धनगर समाजातर्फे विश्वंभरजींना घोंगडी आणि काठी द्यायची होती. घोंगडी आदल्या दिवसापासून बिरोबाच्या देवळात ठेवलेली. कुणीही यावं, भंडारा वाहावा, पाया पडावं. देवापुढची ती घडी थेट पाहुण्याच्या खांद्याजवळच उलगडायची, वाटेत मोडायची नाही, असा रिवाज. तिचा मान रावजीचा. मंडपाच्या दारात रावजीनं हात वर करून अंगाची झडती दिली. गेणूनं घोंगडीला हात घालताच मात्र तो हसून म्हणाला होता, "घडी मोडतुयास व्हय रं? तुझ्या आज्याच्या पाठीवर काय रेशमी शाल हुती का?"

गेणूही धनगराचाच, तोही हसला. घोंगडीवरचा भंडारा कपाळाला लावला आणि रावजीला आत सोडलं.

"नि वहीत लिवलं, घोंगडी उलगडून तपासली," गेणू म्हणाला. "हितंच घात झाला. स्टेजवर रावजीच्या मागं उभ्या एका फेटेवाल्यानं घडीत हात घालून पिस्तूल काढलं. कोर्ट म्हणलं, दारात घोंगडी साफ हुती, म्हंजे रावजीनंच आत गेल्यावर त्यात हत्यार ठिवलं. खरं म्हंजे ते देवळातच कुणीतरी सारलं असंल. रावजीला काय बी ठावं न्हवतं."

"आणि पुढं?" दादासाहेबांनी विचारलं.

"पुढं तुमी बी बघितलं की. ढोल वाजत हुते. त्याच्या गोळीचा आवाज मला ऐकूच आला न्हाय. विश्वंभरजी पुढं कलले नि फेटेवाला त्यांच्याआड गेला. मी तीन झाडल्या. दोघंबी पडले."

"फेटेवाला जागीच मेला. तुला राष्ट्रपती पदक मिळालं."

"तात्यांच्या छातीवर पदक," भागूबाई म्हणाली, "नि आमच्या मालकाच्या छातीवर नंबर."

गेणूनं मान खाली घातली. आजवर ती बाई दरसाल त्याच्या दारात आली होती. 'घोंगडी खरंच उलगडली हुती का?' एवढंच विचारायची. तो दरवेळी 'व्हय' म्हणायचा. या खेपेला तिनं विचारलंच नाही. उंबऱ्यावर नुसती बसून राहिली, आणि गेणूच्या तोंडून आपसूक 'न्हाय' निघालं.

"पेन्शन बंद होईल," दादासाहेब म्हणाले. "खोटी साक्ष दिली म्हणून तूच आत जाशील."

"जातो."

"पोराबाळांना लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या."

"गेणू, माझं ऐक. ही फाईल उघडू नकोस."

गेणू एकदम खाली बसला. त्यानं दादासाहेबांचे दोन्ही पाय धरले. "सायेब, म्या एक माणूस जित्ता पुरलाय. तो मरायच्या आदी उकरून काढू द्या. पाया पडतो. पायजे तर जोड्यानं हाणा, पण सही करा."

दादासाहेबांनी पाय मागं घेतले. मग भागूबाईकडं वळून म्हणाले, "बाई, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"बावीस वर्सं भाईरच बसलीया, सायेब."

दादासाहेबांनी चष्मा लावला. कागद शेवटपर्यंत वाचला आणि खाली सही केली. भागूबाईनं तो झडप घालून घेतला, पदराआड धरला आणि पहिल्यांदाच रडू लागली. गेणू तिथंच फरशीवर हात टेकून बसला. बावीस वर्षांचं ओझं उतरल्यासारखा त्याचा ऊर वरखाली होत होता.

"रावजी सुटेल," दादासाहेब म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पण नजर वर केली नाही. "आता कोर्ट मूळ तपासणीचा अहवाल मागवणार. तेव्हा तो मी बदलून घेतला होता. देशाला एक शूर शिपाई हवा होता, आणि तुझी लेकरं लहान होती."

"कसला अव्हाल, सायेब?"

"त्या फेटेवाल्याच्या पिस्तुलातून एकही गोळी सुटली नव्हती, गेणू."