शेवटचा नंबर

तोंडी परीक्षेच्या दारात मी सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"ए, तुझा नंबर शेवटी," वर्गातला हुशार म्हणून मिरवणारा नचिकेत म्हणाला.

माहीत होतं. डिप्लोमा करून या नामांकित कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांची नावं हजेरीच्या शेपटालाच असतात. गेल्या तोंडीला मी त्याला मागे टाकलं, तेव्हा हाच वर्गभर सांगत फिरला, "बाहेर येणाऱ्यांकडून यांना प्रश्न आधीच कळतात. फुकटचे मार्क!"

"सर, आज माझ्यापासून सुरुवात करा."

सरांनी आत घेतलं आणि घाम फुटेपर्यंत विचारलं.

बाहेर आले, तर नचिकेत धावतच समोर. "काय काय विचारलं गं?"

"सांगितलं असतं रे," मी म्हटलं, "पण फुकटचे मार्क तुला कसे चालतील?"