चुडामणच्या फोटोचा हार

कोकिळाबाई नवऱ्याचा फोटो घेऊन लोधीपुऱ्यातल्या माझ्या स्टुडिओत आल्या. चुडामण सहा वर्षांपासून बेपत्ता होता. घरच्यांनी आता फोटोला हार चढवायचं ठरवलं होतं.

माझी विद्यार्थिनी भूमिका हिने कॉम्प्युटरवर चंदनाचा हार जोडला. रंग बिघडले, म्हणून मी तिला सॉफ्टवेअर मूळ सेटिंगवर आणायला शिकवलं.

हार गेला.

“गुरुजी, रीसेटने फोटोही बदलतो?”

“नाही बेटा, फक्त सेटिंग बदलते. परत जोड.”

तिने जोडला, सेव्ह केला, प्रिंट काढली. कागदावर हार नव्हता. गुळगुळीत गालांवर मात्र दाढी वाढली होती, तीही अर्धी पांढरी.

भूमिका माझ्यामागे सरकली. कोकिळाबाई त्या दाढीवरून बोट फिरवत राहिल्या.

“हार राहू द्या, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “हे तर म्हातारे होऊ राहिले.”