दीपगृहाचा पडदा

"हा पडदा किती जुना?" संग्रहालयाच्या बाईंनी विचारलं. आमच्या छोट्याशा कॅरिबियन बेटावरचं दीपगृह मी सांभाळतो; त्याचा इतिहास लिहायला त्या राजधानीहून आल्या होत्या.

दिवसा ऊन पडलं की दिव्याचं भिंग आग लावू शकतं, म्हणून त्याला पडदा घालतात. इंग्रजांच्या काळातला पडदा वीस वर्षांपूर्वी उंदरांनी खाल्ला. तेव्हा माझी बायको डल्सी म्हणाली, "सरकार कापड देईपर्यंत बेट जळून जाईल. घे माझा परकर."

डल्सी मार्चमध्ये गेली. तिचे बाकीचे कपडे खाऱ्या हवेनं कुजत चालले आहेत. संग्रहालयात वस्तू काचेच्या पेटीत ठेवतात, एवढं मला ठाऊक होतं.

"शंभर वर्षं तरी झाली असतील," मी म्हणालो. तोवर मी फक्त डल्सीशीच खोटं बोललो होतो.

"आणि ही झालर?"

"इंग्रजांना भारी हौस."

बाईंनी पांढरे हातमोजे घालून परकराची घडी घातली.

संग्रहालयातल्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मी बोटीनं राजधानीला गेलो. मंत्र्यांनी परकरासमोर टोपी काढली. बिशपनी त्याच्या पेटीवर पवित्र पाणी शिंपडलं. डल्सी असती तर हसून हसून खाली बसली असती. सगळे खाण्याच्या टेबलाकडे वळल्यावर मी काचेवर हात ठेवला.

"आजोबा, हात लावायचा नाही," रखवालदार म्हणाला.

"लग्नाआधी दोन वर्षं तीही हेच म्हणायची," मी म्हणालो आणि हात तसाच ठेवला.