अप्पांची पाठ

दुनियेतला सगळ्यात मोठा खेळाडू कोण, हा वाद निवृत्ती गुरुजींनी काढला, आणि तोही मडिवाळप्पा पैलवान समोर बसलेले असताना. हे जरा अतीच होतं. पण गुरुजींना वेळकाळ कधीच कळत नसे.

गुरुजींचं म्हणणं, इंग्लंडातून विश्वचषक आणणाऱ्या कप्तानापुढे बाकी सगळे पाणी भरतील. पाणी भरायला आधी आडात पाणी पाहिजे, असं कुणीतरी म्हणालं. हसलं मात्र कोणी नाही.

आड होळीच्या आधीच आटला होता. गाव उस्मानाबादेतून निघून नव्या लातूर जिल्ह्यात आलं तेव्हा पेढे वाटले होते. कचेरी जवळ, तर पाणीही जवळ, असा सगळ्यांचा हिशोब. कचेरी जवळ आली, टँकर मात्र पूर्वीसारखाच रखडत येई. आजही सकाळपासून त्याची वाट बघणं चाललं होतं. त्याच कचेरीतून पैलवानांसाठी हार आला होता. हाराला उशीर झाला नव्हता.

मडिवाळप्पा ओसरीवर लाकडी खुर्चीत लोडाला टेकून ताठ बसले होते. कपाळभर विभूती, डोक्याला जरीचा फेटा, गळ्यात इतके हार की छाती दिसेना. बायाबापड्या येत, पायावर डोकं ठेवून बाजूला होत. कमलम्मा नवऱ्याच्या पायाशी बसून पंख्याने वारा घालत होत्या. कोपऱ्यात टाळ वाजत होते. अप्पा काही बोलत नव्हते. आपल्या मोठेपणाच्या गप्पांत ते आयुष्यात कधी बोलले नाहीत, हे त्यांचे विरोधकही कबूल करत.

बोलायचं काम गुंडप्पाचं. गुंडप्पा त्यांचा चेला. अप्पांना तेल चोळायचं, आखाड्याच्या हौद्यातली माती चाळायची आणि एक वाक्य सांभाळायचं, यात त्याचा जन्म गेला. अप्पांची पाठ कधी मातीला लागली नाही, हे ते वाक्य. त्याने लग्न केलं नाही, शेत भावाला देऊन टाकलं. लोक त्याला येडा म्हणत आणि त्यात फार खोटं नव्हतं.

हे वाक्य एकाच माणसाने कधी मानलं नव्हतं, तो म्हणजे शेजारच्या गावचा व्यंकटी. उदगीरच्या फडात तो अप्पांशी लढला होता आणि कुस्ती बरोबरीत सुटली होती. पडून पुन्हा उठतो तो मोठा, असं तो प्रत्येक जत्रेत सांगे. अप्पांनी वेळेवर कुस्ती सोडून लंगोट खुंटीला टांगला म्हणून पाठ वाचली, असंही सांगे. त्याने एकदा, अप्पांसमोर, हार मानावी एवढीच गुंडप्पाची इच्छा उरली होती. आज नाही तर कधीच नाही, हे त्याला कळत होतं.

गुरुजींचा कप्तान त्याने दोन शब्दांत उडवला. बॅट धरून काय, पोरंही खेळतात. मग तो समोर बसलेल्या व्यंकटीकडे वळला आणि आता तरी कबूल करा म्हणाला.

व्यंकटीने तंबाखू मळायची थांबवली.

"पाठ कुणाची ऱ्हाती रे, गुंडप्पा? आज न्हाई उद्या, समद्याची लागतीच."

"तुमची लागंल, दादा. अप्पाची न्हाई लागायची. आमच्यात न्हाई लागत."

व्यंकटी उत्तर द्यायला निघाला, तोच त्याचं लक्ष अप्पांच्या ताठ बसण्याकडे गेलं. एवढ्या वर्षांच्या भांडणात ही गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती. तो उठला, टोपी काढली आणि त्याने अप्पांच्या पायावर डोकं ठेवलं.

"गुरुजी, तुमचं क्रिकेट ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "ह्याच्यावानी दुसरा झाला न्हाई. ह्याची पाठ भुईनं बघितली न्हाई, आन् बघायची बी न्हाई."

गुंडप्पाला रडू कोसळलं. जन्म कारणी लागला असं त्याला वाटलं. कमलम्मांनीही पंखा खाली ठेवून पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात शेताकडून अप्पांचा पुतण्या शिवलिंग आला. त्याच्या हातात पहार होती आणि तळवे फुटून रक्त आलं होतं. टँकर आला का, हे त्याने आधी विचारलं. नव्हता आला. मग त्याने खुर्चीकडे बघायचं टाळलं आणि गुंडप्पाला बाजूला घेतलं.

"तिसऱ्या जागी बी खडक लागला, काका. मांडीइतकंच खोल गेलंय, पहार वर उडून राहिली. भिजवून खांदावं तर घागरभर पानी न्हाई. मठाचे स्वामी म्हणतेत, दिवस बुडायच्या आत माती द्यावी लागंल. आपल्या लिंगायताच्या रीतीनं अप्पाला खड्ड्यात बसवता यायचं न्हाई. उताणंच निजवावं लागंल."