मागचं दार

"चैतरामचं घर हेच ना?" हिमांशूनं विचारलं खरं, पण उत्तराआधीच त्याला कळलं होतं. अंगणात धान पाखडणारी बाई हातातलं सूप तसंच धरून त्याच्याकडे पाहत होती. ती वच्छला. सात महिन्यांपूर्वी गोंदियाच्या शवागाराबाहेर त्यानं तिला लांबून पाहिलं होतं. त्या दिवशी गाडीतून उतरायची त्याची छाती झाली नव्हती.

"मी डेटा सेंटरमधून आलोय. तुमचे मालक कामाला होते तिथून."

तिनं खाट सरकवली, पाण्याचा लोटा आणून ठेवला. "बसा."

चिचगडपर्यंतच्या रस्त्यात त्यानं वाक्यं जुळवून ठेवली होती. आता त्यातलं एकही आठवेना. मग तो जसं सुचेल तसं सांगत गेला.

शेकडो यंत्रं अहोरात्र चालणारी ती बिनखिडक्यांची इमारत. यंत्रं तापतात, त्यांना गार ठेवण्यात निम्मी वीज जाते. ती वाचवायला हिमांशूला नागपूरहून बोलावलं होतं. गरम हवा थंड हवेत मिसळू नये म्हणून त्यानं यंत्रांच्या रांगांमध्ये पडदे टाकले, एकेक फट शोधून बुजवली. विजेचा खप झरझर उतरला. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. शेवटी एकच जागा उरली. संकटात बाहेर पडायचं मागचं दार. त्याच्या चौकटीतून थंडावा निसटत होता. हिमांशूनं तेही फोम भरून पक्कं केलं.

"चैतरामनं मला विचारलं होतं, 'साहेब, हे दार काऊन बुजवून राहिले?' मी म्हटलं, समोरचं आहे ना."

वच्छला सुपातले खडे वेचत राहिली.

"मे महिन्यात धोक्याची घंटा झाली. आग विझवायचा गॅस तीस सेकंदांत सुटतो, त्यात माणूस गुदमरतो. चैतराम पार शेवटच्या रांगेत होता. समोरचं दार लांब, म्हणून तो मागच्या दाराकडे धावला."

"कागदात त लिवलं होतं का ते दारू पेऊन होते," ती म्हणाली. "माह्या देरानं आणून देल्ली म्हणून लिवलं. गावात वाचून दाखवलं सर्‍यायले."

हिमांशूची मान खाली गेली. तो अहवाल त्यानंच लिहिला होता. चैतरामचा धाकटा भाऊ बकाराम त्या दिवशी डबा घेऊन आला होता, आणि डब्याच्या पिशवीत मोहाच्या दारूची बाटली होती. तेवढा धागा कंपनीला पुरला. नशेत वाट सापडली नाही, असं ठरलं. खाली हिमांशूची सही.

"ते खोटं आहे, वहिनी. पिशवी बाहेर खुंटीला होती. बाटलीचं बूचसुद्धा निघालं नव्हतं."

तिचे हात थांबले. "फोडलीच नोयती?"

"नाही."

"तुमी सोताच्या डोयानं पायली?"

"हो. मी पाहिली होती."

त्यानं खिशातून कागद काढला. "यात सगळं खरं लिहिलंय. इथून देवरीच्या ठाण्यात जातोय. मला काय व्हायचं ते होवो. पण आधी तुम्हाला सांगायचं होतं."

त्याला वाटलं, आता ती सूप भिरकावेल, शिव्या घालेल. तेच बरं झालं असतं. तिनं सूप भिंतीला टेकवलं, डोक्यावर पदर घेतला.

"मले सांगून काय होते? हे बकारामले सांगा. लोकं त्याच्या हातचं पाणी पेत नोयते. 'भाऊखाऊ' म्हणत. माह्याच पाया पडे तो. 'वयनी, मीच मारलो का वं भाऊले?'"

"तुम्ही काय म्हणायच्या?"

"काय म्हणू? कागदात लिवलं होतं ना."

दोघं निघाली. ती पुढं, तो मागं. धान कापून झालेल्या शेतांच्या बांधावरून वाट जंगलाकडे जात होती.

"या वेळी भेटेल ना तो?"

"कुठी जाईन?"

हिमांशू मनातल्या मनात शब्द जुळवू लागला. बकारामचे पाय धरायचे. त्यानं लाथाडलं तरी उठायचं नाही. आणि कागदाची एक प्रत त्याच्या हातात द्यायची, म्हणजे गावाला तो स्वतः दाखवेल. सात महिन्यांत पहिल्यांदा त्याला छाती भरून श्वास घेता आला.

साजाच्या झाडाखाली वच्छला थांबली. तिथं दगड रचलेले दोन ढीग होते. एकावर पावसाळ्यातलं गवत वाढून वाळलं होतं. दुसर्‍याची माती अजून भुसभुशीत होती. ती त्या दुसर्‍यापाशी बसली, वरची पानं हातानं बाजूला केली.

"सांगा आता याले," ती म्हणाली. "पंधरा दिवसाआधी आले असते साहेब, त आयकलं असतं यानं."