गोपिकाचा आकडा

“एकशे अडतीस,” ताराचंद पराते ठणकावून म्हणाले. “लिहून घ्या, मॅडम. आमच्या गोपिकाचा आयक्यू एकशे अडतीस आहे.”

टेबलापलीकडच्या डॉक्टर मुग्धा यांनी लिहून घेतलं. “कोणी सांगितलं, काका?”

“नववीत होती तवा शाळेत कॅम्प आलता. त्यांनीच सांगतलं.”

“कागद आहे?”

“कागद कायले पाहिजे? मी बाप आहो तिचा.”

गोपिका शेजारच्या खुर्चीत गप्प बसली होती. पस्तिशीची, उमरेडच्या कॉलेजात गणित शिकवणारी बाई. पण बापाशेजारी बसली की आपोआप नववीत जायची. तिला पुण्यात नोकरी लागली होती. आज नागपूरच्या या दवाखान्यात निकाल चांगला आला तर जायचं, नाहीतर नाही, एवढंच तिनं घरी सांगितलं होतं. शिकवणाऱ्या बाईचा आयक्यू कशाला तपासतात हे ताराचंदांना कळलं नव्हतं, पण पुण्याच्या लोकांचं काही सांगता येत नाही. बायको गेल्यापासून घरात दोघंच होते. पोरगी गेली की आपण एकटे, हे त्यांना आतून बोचत होतं. तरी तिनं जावं म्हणून ते इस्त्रीचा सदरा घालून सकाळच्या एसटीनं आले होते.

“काका, लोक तोंडी आकडा सांगतात तेव्हा आम्ही तो धरत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “ज्याला विचारावं तो एकशे तीसच्या वरच असतो. खरं म्हणजे शंभर हा मध्य. निम्मे लोक त्याच्या खालीच असतात.”

“शंभर म्हणजे मध्य?” ताराचंद चक्रावले. “शंभरापैकी शंभर घेतले तं पोट्टं पहिलं येते, मॅडम. आन् हिचे तं एकशे बेचाळीस आहेत.”

“मघाशी अडतीस म्हणालात.”

“अडतीसच म्हणून राहिलो ना मी.”

डॉक्टर हसल्या. लेकीच्या कौतुकात चार-दोन इकडचे तिकडे व्हायचेच.

“गोपिका, तीन शब्द लक्षात ठेवायचे. लिंबू, सायकल, कंदील. मी नंतर विचारीन.”

“ठेव वं ध्यानात,” ताराचंदांनी बजावलं.

“आता शंभरातून सात वजा करायचे. मग त्यातून परत सात. असं करत जायचं.”

गोपिका टेबलाकडे बघत राहिली. ताराचंद खुर्चीत पुढे सरकले.

“अवं, बोल ना. काहून चूप आहे?”

“सुचून नाही राहिलं, बाबा.”

“यात सुचायचं काय?” तीस वर्षं हातमागावर बसून ताण्याचे उभे धागे मोजलेला माणूस तो. त्यांच्यानं राहवेना. “त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, एकोणसत्तर...”

“काका, मी तिला विचारलंय,” डॉक्टर म्हणाल्या, पण त्यांनी थांबवलं नाही.

पोरीला विचारावं आणि बापानं सांगावं, ही पराते घराण्याची रीतच होती. गोपिकाला बघायला पाहुणे यायचे, स्वयंपाक येतो का विचारायचे, तेव्हाही “फक्कड!” असं ताराचंदच म्हणायचे. स्थळं का जमली नाहीत, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता.

डॉक्टरांनी एक कोरा कागद पुढे केला. “यावर घड्याळ काढ. अकरा वाजून दहा मिनिटं झालीत असं दाखव.”

गोपिकानं पेन्सिल उचलली आणि तशीच धरून बसली. ताराचंदांनी ती ओढून घेतली. गोल मोठा झोकात काढला. आकडे बसवताना जरा दाटी झाली, काट्यांना थोडा वेळ लागला, पण कागदच लहान होता.

“तिच्याच नावावर धरजा हं, मॅडम,” ते हळूच म्हणाले. डॉक्टरांनी कागद फाइलमध्ये ठेवला.

“आता मघाचे तीन शब्द?”

गोपिकानं नकारार्थी मान हलवली. ताराचंद तिच्या कानाशी वाकले. “लिंबू. सायकल.” कुजबुज अख्ख्या खोलीला ऐकू गेली.

“आणखी एक?”

“दोनच तं सांगतले होते तुमी.”

“तीन होते, काका.”

“दोनच होते ना वं?” त्यांनी पोरीकडे पाहिलं. गोपिकाच्या डोळ्यांत पाणी होतं.

ताराचंद पार गोंधळले. अवघड अवघड गणितं चुटकीसरशी सोडवणारी ही पोरगी शंभरातून सात वजा करू शकत नाही? लिंबू विसरते? रात्री झोप झाली नसेल, की घाबरली असेल? पण ती घाबरणाऱ्यातली नव्हती. मग एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

“मॅडम, हे मुद्दाम करून राहिली,” ते म्हणाले. “हिले सगळं येते. निकाल खराब लागला म्हणजे पुण्याले जा लागत नाही. बापाले एकटं टाकून जायचं नाही हिले, म्हणून हे नाटक.” त्यांनी गोपिकाचा हात घट्ट धरला. “अवं येडे, मले काय होते? मी राहतो ना एकटा. तू जा.”

डॉक्टरांनी फाइलमधून छापील फॉर्म काढला, तळाशी दोन ओळी लिहिल्या आणि तो टेबलावर मधोमध ठेवला.

“सोबत आलेल्या नातेवाइकाची सही लागेल.”

“ते माहं काम,” म्हणत ताराचंदांनी खिशातला पेन काढला.

गोपिकानं तो त्यांच्या हातातून हलकेच काढून घेतला, डोळे पुसले, आणि ‘रुग्णाचे नाव : ताराचंद पराते, वय ६८’ असं लिहिलेल्या त्या फॉर्मवर नातेवाईक म्हणून स्वतःची सही केली.