जादा बॅगेचा ठराव

लेकीकडं हैदराबादला निघालेली मी कोल्हापूर विमानतळावर रांगेत उभी होते. पुढं आमच्या दूध संस्थेचे चेअरमन. त्यांनी विमान कंपनीचं सोनेरी कार्ड काउंटरवर आपटलं. “दहा वर्सं तुमच्याच विमानानं फिरतोय. जादा बॅग मला फुकट हाय!” काउंटरवरची पोरगी म्हणाली, “सर, एक तारखेपासून नियम बदललाय. आता पैसे पडतील.” “कुणाला इचारून बदलला? कुठल्या सभेत ठराव झाला? नामंजूर!” माझं डोस्कंच फिरलं. तीस वर्सं मी ह्यांच्या संस्थेला दूध घालते. म्हटलं, “चेअरमन, औंदाच्या सभेत तुम्ही ठराव वाचला, पाच लिटरच्या आतल्यांचा दिवाळी बोनस बंद. मी ‘नामंजूर’ म्हणून उठले, तवर पुढच्या खुर्च्यांवरच्या तुमच्या माणसांनी ‘मंजूर, मंजूर’ वरडून राष्ट्रगीत सुरू केलं. मग मला गप उभं ऱ्हावं लागलं. आता तुम्हीबी ऱ्हावा की गप उभं!”